तीन पिशव्या

"मॅडम, हिची पिशवी काढलीय. मग मूल कसं व्हायचं?" सासूबाईंनी बसायच्या आधीच विचारलं. सून मान खाली घालून उभी. वय 29. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, औषधांना दाद देईना, म्हणून मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याचाच जे-पाऊच, म्हणजे मळ साठवायची आतली पिशवी, शिवलेला. मधले काही महिने मळ गोळा करायला पोटावर बॅग होती, ती निघून वर्ष झालेलं.

आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशयच. इथे निघाली होती ती पोटावरची. मी कागदावर तिन्ही पिशव्या काढल्या : बॅग, पाऊच, गर्भाशय. "म्हणजे कूस शाबूत आहे?" सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग सुनेशी एकटीशी बोलले. आठ महिने प्रयत्न चालू होते आणि दोष स्वतःचाच, असं तिनं धरलं होतं. तिला सांगितलं, तुझं बीज दर महिन्याला तयार होतंय. पण ओटीपोटात एवढं मोठं ऑपरेशन झालं, की जखम भरताना बीजनलिका आजूबाजूला चिकटू शकतात आणि बीज आत शिरत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे कमी होतं. अशा वेळी वर्षभर थांबायचं नाही. सहा महिन्यांत नळ्यांची तपासणी, सोबत नवऱ्याचीही. टेस्ट ट्यूब पद्धतीत तर नळ्यांची गरजच पडत नाही. हे तिला ऑपरेशनआधी कुणीच सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. पंचविशीतल्या मुलीला ते आधीच कळायला हवं.

आतड्याच्या आजारावर औषधं चालू असतील, तर मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी, डॉक्टरांना विचारून बंद करावं लागतं. बाकीची मात्र मनानं सोडू नयेत. आजार उसळला तर बाळाला त्याचाच धोका जास्त.

तिच्या दोन्ही नळ्या चिकटलेल्या निघाल्या. टेस्ट ट्यूबच्या दुसऱ्या खेपेला दिवस राहिले. पाऊच आणि गुदद्वाराचे स्नायू जपायला सिझर करायचं, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आतड्याचे सर्जन या दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलं.

आठव्या महिन्यात फोन आला. रात्रीतून चार-पाचदा संडासला उठावं लागत होतं. गर्भाचा भार पाऊचवर येतो, बाळंतपणानंतर बहुतेकींचं कमी होतं, असं सांगितलं. मग सासूबाईंनी फोन घेतला. "कळा कुठल्या पिशवीच्या, ते आम्हाला कसं कळणार?"

मी म्हटलं, "ते तुम्ही ओळखत बसू नका. पोट फुगलं, उलट्या लागल्या, संडास अगदीच थांबली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. रात्र असली तरी निघा, आणि दोन्ही डॉक्टरांना फोन करा."