सूत्रधार कोणाचा: सुताराचा, नाटकाचा की टोळीचा?

अमळनेरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एम.ए. करतात. 'साहित्य, सत्ता आणि रंगभूमी' अशा विषयावर निबंध लिहिताना त्यांनी चाणक्याला 'सूत्रधार' म्हटलं. सरांनी शब्दाखाली लाल रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'सूत्रधार वेगळा, चाणक्य वेगळा.' ताई विचारतात: "पेपरात तर रोज कुठल्या ना कुठल्या टोळीचा मुख्य सूत्रधार जेरबंद होतो. नवे साहेब बदलून आले की सूत्रे स्वीकारतात. मग मी काय चुकले? आणि ही सूत्रं म्हणजे कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्याच ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बाहुल्यांच्या दोऱ्या हे उत्तर बहुतेक सगळेच देतात. मीही कित्येक वर्षं तेच देत होतो. त्याला आधार नाही असंही नाही. रिखार्ड पिशेल या जर्मन संस्कृत पंडिताने 1900 साली हाले इथल्या व्याख्यानात मांडलं की बाहुल्यांचा खेळ मूळचा भारतातला, आणि संस्कृत नाटकातला सूत्रधार हा त्या खेळातल्या दोऱ्या धरणाऱ्याचा वारस. कल्पना इतकी देखणी आहे की ती खोटी ठरू नये असं वाटतं. आपल्याकडे तर तिला आणखी एक पुरावा असल्यासारखा भास होतो. सांगलीला 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे स्वतः लाकडी बाहुल्या करत असत. पण भावे आणि 'नाट्यशास्त्र' लिहिणारे भरतमुनी यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षं आहेत, तेव्हा हा पुरावा म्हणजे शुद्ध सुतावरून स्वर्ग.

हा वाक्प्रचार मुद्दाम वापरला. आता त्यातलं सूत धरू.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या सुतारबाबांचं दुकान होतं. लहानपणी मी तिथे तासन्‌तास बसायचो, घरच्यांना वाटायचं अभ्यासाला गेलाय. लाकूड कापण्याआधी बाबा गेरूत भिजवलेला दोरा काढायचे, एक टोक मला धरायला द्यायचे, दुसरं स्वतः ताणायचे, मधे चिमटीत उचलून सोडायचे. टप्‌! लाकडावर लाल सरळ रेघ. याला सूत मारणं म्हणतात. माझा हात हलला की बाबा ओरडायचे, "सूत चुकनं ते लाकूड गयं!" मापही सुतातच. एका इंचाचे आठ सूत. "दोन सूत कमी कर" हे वाक्य आजही कुठल्याही सुताराच्या किंवा गवंड्याच्या तोंडी ऐकू येईल. एखाद्याला सुतासारखा सरळ करतो अशी धमकी आपण देतो, तेव्हा मनात चरख्यावरचं सूत असतं असं वाटतं. मला तरी ती धमकी बाबांच्या दुकानातून आल्यासारखी वाटते.

आणि आता मूळ गोष्ट. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे. सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मराठीत आणि गुजरातीत सुतार. संस्कृतात सूत्रधार म्हणजे दोरी धरून मापं घेणारा, बांधणारा, सुतार-स्थपती. हा अर्थ नाटकातल्या अर्थाच्या शेजारी सुखाने नांदतो. तेव्हा तुमच्या पेपरातला टोळीचा मुख्य सूत्रधार आणि माझे सुतारबाबा यांचं आडनाव एकच म्हणायचं.

मग नाटकवाल्याने हा शब्द सुताराकडून का घेतला? नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय वाचा. नाट्यगृह बांधण्याचं वर्णन आहे, आणि पहिलं काम आहे जमिनीवर सूत टाकण्याचं. पुष्य नक्षत्रावर पांढरं सूत ताणायचं. ते कापसाचं, मुंज गवताचं, सालीचं चालेल, पण तुटता कामा नये. तुटलं तर? मधोमध तुटलं तर स्वामीचा, म्हणजे धन्याचा मृत्यू. तिसऱ्या भागात तुटलं तर राष्ट्रकोप. चौथ्या भागात तुटलं तर प्रयोक्त्याचा, म्हणजे नाटक बसवणाऱ्याचा नाश. हातातून नुसतं निसटलं तरी काहीतरी नुकसान ठरलेलंच.

ताई, तुमच्या विषयाला याहून चांगला उतारा मला तरी माहीत नाही. नाटकघराची दोरी तुटली की राज्यात गडबड होते! हे शकुनशास्त्र आहे, मान्य. पण शकुनांच्या यादीतूनच कळतं की माणसं कशाला घाबरत होती. धनी, राष्ट्र आणि नाटकवाला तिघेही एकाच दोरीवर लटकलेले आहेत, आणि कोण किती अंतरावर आहे तेही मोजून दिलंय. सत्ता आणि रंगभूमीचा संबंध काय, यावर गेल्या पन्नास वर्षांत जगभर जाडजूड ग्रंथ निघाले. भरताने तो सुताने मोजून ठेवला.

आणखी एक मत सांगून मोकळा होतो, कारण ते सांगितलं नाही तर संस्कृतवाले रागावतील. पाणिनीने 'नटसूत्रां'चा उल्लेख केला आहे, म्हणजे नटांसाठीचे सूत्रग्रंथ तेव्हा होते. ती सूत्रं ज्याला मुखोद्गत तो सूत्रधार, असंही म्हणतात. अशक्य नाही. मला स्वतःला मात्र आखणीची दोरीच पटते, कारण तिथे शब्द, हत्यार आणि कारागीर तिन्ही एकत्र सापडतात.

याचा तुमच्या निबंधाशी संबंध असा: बाहुलीची दोरी आणि आखणीची दोरी यांत सत्तेची दोन वेगळी चित्रं आहेत. बाहुलीवाला पडद्याआड असतो, दोरी दिसू नये हीच त्याची कला. सुताराची दोरी सगळ्यांसमोर ताणली जाते, तिचा ठसा लाकडावर राहतो. नाटकातला सूत्रधार या दुसऱ्या जातीचा. नांदी संपली की तो येतो, तोंड दाखवतो, आज काय आहे ते सांगतो. भाव्यांच्या नाटकांत तर तो खेळभर रंगमंचावरच असायचा. पदं तो गायचा, आणि सोंगं आपापल्या परीने बोलून घ्यायची. लपण्याचा प्रश्नच नाही. टोळीचा सूत्रधार मात्र लपूनच असतो, सापडला की संपला. एकच शब्द दोन उलट माणसांना लागतो. पेपरवाल्यांनी बाहुलीची दोरी पकडली आणि नाटकवाल्यांच्या शब्दाला बांधली.

(जाता जाता: 'मुख्य सूत्रधार' ही द्विरुक्ती आहे. सूत्रधाराच्या हाताखाली पारिपार्श्विक असतो. पोलिसांनी पकडलेल्या बाकीच्यांना पारिपार्श्विक म्हणायला हरकत नसावी, पण बातमीदार ऐकायचे नाहीत.)

आता चाणक्य. तुमच्या सरांची रेघ मला अर्धीच बरोबर वाटते, आणि अर्ध्या भागात तुम्ही त्यांच्याही पुढे गेला आहात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकाची प्रस्तावना आठवा. सूत्रधार घरी येतो, नटी ग्रहणाचं निमित्त करून जेवणावळीची तयारी करते आहे. सूत्रधार ज्योतिषावरून बोलता बोलता म्हणतो की क्रूर ग्रह चंद्राला ग्रासू पाहतो आहे. तोच पडद्यामागून आवाज येतो: मी जिवंत असताना चंद्राला ग्रासू पाहणारा हा कोण? आवाज चाणक्याचा. त्याने 'चंद्र' म्हणजे चंद्रगुप्त समजून घेतलं. सूत्रधार ओळखतो, हा तो कुटिल बुद्धीचा कौटिल्य, आणि बायकोला घेऊन सटकतो. मग चाणक्य प्रवेश करतो, आणि पुढचं सगळं नाटक त्याच्या हेरांच्या, पत्रांच्या, एका मुद्रेच्या जोरावर चालतं.

विशाखदत्ताने दोन प्रकारची सूत्रं एका क्षणी एकमेकांसमोर उभी केली आहेत. दिसणारा दोरीवाला घाबरून निघून जातो, न दिसणारा येतो. एका श्लेषावर. तेव्हा चाणक्य हा सूत्रधार नव्हे हे सरांचं म्हणणं शब्दशः खरं, कारण त्या नाटकात सूत्रधार नावाचा माणूस वेगळा आहेच. पण चाणक्य त्याची जागा घेतो हे तुमचं म्हणणं नाटकाच्या रचनेतच आहे. निबंधात फक्त 'चाणक्य सूत्रधार आहे' असं न लिहिता 'सूत्रधार जातो आणि सूत्रं चाणक्याच्या हाती येतात' असं लिहा. रेघ आपोआप पुसली जाईल.

'घाशीराम कोतवाल' (1972) या तेंडुलकरांच्या नाटकातही हाच डाव उलटून खेळला आहे. तिथे सूत्रधार रंगमंचावर आहे, बोलतो, टिप्पणी करतो. पण घाशीरामाला कोतवाली देणारा आणि शेवटी त्याला लोकांच्या हाती सोपवणारा नाना फडणवीस आहे. सूत्रधार आणि सूत्र हलवणारा हे दोघे प्रेक्षकाला शेजारी शेजारी दिसतात, आणि कोण कोण आहे ते प्रेक्षकाने ठरवायचं.

बाहेरचे लेखक मराठीत आणताना हा फरक फार उपयोगी पडतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांचं 'नेगारा' (1980) हे पुस्तक तुमच्या यादीत असणारच. एकोणिसाव्या शतकातल्या बालीत राज्य म्हणजेच नाटक होतं असं ते म्हणतात. थाटमाट सत्तेसाठी नव्हता, सत्ताच थाटमाटासाठी होती. राजे नाटक कंपनीचे मालक, पुरोहित दिग्दर्शक, आणि शेतकरी हेच दुय्यम नट, पडद्यामागचे कामगार आणि प्रेक्षकही. इथे राजाला 'सूत्रधार' म्हणाल तर चुकेल. त्याला आपल्याकडचा सरळ शब्द आहे: फडमालक. पैसा त्याचा, नाव त्याचं, तंबूही त्याचा. वग कसा चालेल ते मात्र सोंगाड्या आणि ढोलकी ठरवणार. यात्रेतला तमाशा पाहिलेल्या माणसाला गीर्ट्झ अवघड जाऊ नये.

उलट ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये 'जोकर' नावाचा माणूस असतो. तो खेळ थांबवतो, प्रेक्षकांना विचारतो, त्यांतल्या कोणाला तरी रंगमंचावर बोलावून प्रसंग बदलायला सांगतो. त्याला मराठीत 'जोकर' ठेवला तर वाचकाला सर्कस आठवेल. विदूषक म्हटलं तर हसू येईल. हा खरा सूत्रधार: समोर उभा, दोरीचं एक टोक दुसऱ्याच्या हातात देणारा. बोआल पुढे रिओ शहराच्या नगरपालिकेत निवडून गेले (1993 ते 1996) आणि नाटकातून आलेल्या सूचनांवर कायदे करू लागले. 'साहेबांनी सूत्रे स्वीकारली' ही आपली बातमी त्यांच्याबाबतीत अक्षरशः खरी ठरली!

तुमच्या शीर्षकातल्या 'सत्ता' शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण राहवत नाही. संस्कृतात सत्ता म्हणजे नुसतं 'असणं', सत्‌चा भाव. राज्य करणं हा अर्थ नंतरचा. दोन्हींच्या मधला पूल तुकोबांच्या ओळीत दिसतो: 'चाले हे शरीर कोणाचिये सत्ते । कोण बोलवितो हरीविण ॥' शरीर चालतं, तोंड बोलतं, चालवणारा दुसराच. बाहुलीवाल्याची दोरी शोधत असाल तर ती इथे आहे, नाट्यशास्त्रात नव्हे. मराठी माणसाने सूत्रधाराकडे पाहताना बाहुली पाहिली याचं कारण मला तरी पिशेलपेक्षा कीर्तनात जास्त दिसतं.

एक खबरदारी. 'सूतोवाच' या शब्दाचा या सुताशी काहीही संबंध नाही. 'अर्थसंकल्पाचे सूतोवाच केले' वाचून अनेकांना वाटतं धागा सोडला. तो सूत म्हणजे पुराणं सांगणारा: 'सूत उवाच', सूत म्हणाला. कर्णाला ज्यावरून हिणवलं तो सूतही त्याच घरातला. आणि कर्ण आला कुठे? महाभारताच्या आदिपर्वात ज्याला 'रंग' म्हटलंय त्या आखाड्यात, जिथे राजपुत्रांचं शस्त्रप्रदर्शन चाललं होतं. तिथेच त्याला कुळ विचारलं आणि तिथेच दुर्योधनाने अंगदेशाचं राज्य दिलं. रंगभूमी हा शब्द नाटकाइतकाच कुस्तीचाही आहे, हे तुमच्या पुढच्या निबंधासाठी.

'सूत्रसंचालन' हा मात्र निव्वळ आपला, अलीकडचा शब्द. खान्देशातल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या बातमीत शेवटून दुसरं वाक्य त्याचं असतं, शेवटचं आभारांचं. त्या बिचाऱ्याच्या हातात माईकखेरीज एकही सूत्र नसतं. पाहुण्यांचं भाषण आवरतं घ्या अशी चिठ्ठी व्यासपीठावरून कोणीतरी पाठवल्याशिवाय तो कोणाला थांबवूही शकत नाही.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. 'सूत' दीर्घ, पण 'सुताने', 'सुतावरून', 'सुतार' ऱ्हस्व. 'सूत्र' तत्सम असल्याने 'सूत्राने', 'सूत्रधाराने' सगळीकडे दीर्घच. सरांनी लाल रेघ मारली तो शब्द तुम्ही 'सुत्रधार' लिहिलाय. कदाचित रेघ त्यासाठीही असेल.