‘सम्यक’ म्हणजे ‘समान’ नव्हे

प्रश्न असा आहे: ‘एका कामगार संघटनेच्या पत्रकात “संपत्तीचे सम्यक वाटप झाले पाहिजे” असे वाचले. सम्यक म्हणजे समानच ना? मग सरळ समान का लिहीत नाहीत? आणि हा शब्द फक्त बौद्धांचाच आहे का?’

सम्यक म्हणजे समान नव्हे. दोन्हींत ‘सम’ ऐकू येतो म्हणून घोटाळा होतो, आणि तो इतका रुळला आहे की जपून लिहिणारेही त्यात सापडतात. मी बौद्ध घरात वाढलो. लहानपणापासून वंदनेत हा शब्द तोंडात आहे, तरी कॉलेजात जाईपर्यंत सम्यक म्हणजे ‘समतोल’ अशीच माझी समजूत होती. पुढे पालीचे, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेचे, वर्ग केले तेव्हा ती गेली. त्यामुळे या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

आधी शब्दाची घडण पाहू. सम्यक् या शब्दात ‘सम’ हे विशेषण नाहीच. त्यात ‘सम्’ हा उपसर्ग आहे आणि ‘अञ्च्’ म्हणजे जाणे, वळणे हा धातू आहे. असा अञ्च् पुढे आला की सम् चा ‘समि’ होतो, आणि त्यासाठी पाणिनीने ‘समः समि’ एवढेच सूत्र दिले आहे. शब्दाचा मूळ अर्थ झाला ‘एकत्र, एका रोखाने गेलेले’. त्यावरून नीट, यथायोग्य, पुरतेपणी. याच कुळात प्राक्, प्रत्यक्, उदक् आहेत आणि तिर्यक् आहे. तिर्यक रेषा आपण शाळेत काढलेली असते. तिर्यकच्या शेजारी सम्यक ठेवला की चित्र डोळ्यांपुढे येते: एक आडवातिरपा गेला, दुसरा नीट रोखाने गेला.

आणखी एक खूण मला फार आवडते. प्राक् वरून प्राचीन झाला, अर्वाक् वरून अर्वाचीन झाला, तसा सम्यक् वरून ‘समीचीन’ झाला. समीचीन म्हणजे उचित, योग्य. समीचीनचा अर्थ ‘समान’ असा कोणी करत नाही. मग त्याच्या जन्मदात्या शब्दाचा तरी का करावा?

पालीत सम्यक् चा ‘सम्मा’ होतो. अर्थ ठरवायचा तर त्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारावा, ही सर्वांत खात्रीची परीक्षा. सम या शब्दाच्या विरुद्ध विषम. सम्माच्या विरुद्ध मात्र पाली ग्रंथांत सगळीकडे ‘मिच्छा’ येतो, म्हणजे संस्कृतातला मिथ्या. सम्मादिट्ठि आणि मिच्छादिट्ठि (दिट्ठि म्हणजे दृष्टी), सम्माआजीव आणि मिच्छाआजीव (आजीव म्हणजे उपजीविका). विषमदृष्टी असा जोड तिथे नाही. ज्याच्या उलट ‘खोटे, चुकीच्या वाटेचे’ येते, तो शब्द मापाचा असणार नाही.

एवढ्यानेही पटले नाही तर विहारात जाऊन उभे राहावे. वंदनेची सुरुवातच तीनदा म्हटल्या जाणाऱ्या ओळीने होते: ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’. इथे सम्माच्या जागी ‘समान’ घालून पाहा, ओळ कोसळते. ज्याला नीट, पूर्णपणे, स्वतःच्या प्रयत्नाने बोध झाला तो सम्मासम्बुद्ध. इथे कोणाशी बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही.

शब्द फक्त बौद्धांचा नाही, हे मुद्दाम सांगतो. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राचे पहिलेच सूत्र ‘सम्यग्दर्शनज्ञानचारित्राणि मोक्षमार्गः’ असे आहे. मराठी समीक्षेत ‘सम्यक आढावा’ कितीतरी वर्षे चालत आला आहे. पण आज महाराष्ट्रात हा शब्द सर्वसामान्य घरात पोचला तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, हेही खरे. आमच्याकडे मुलांची नावे सम्यक ठेवतात. एकाच गल्लीत तीन सम्यक असतात आणि आईने हाक मारली की तिघेही वळून बघतात.

त्या दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांचा क्रम या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नववी प्रतिज्ञा: सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो. दहावी: मी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन. आणि अकरावीत बुद्धाने सांगितलेल्या अष्टांग मार्गाचा अवलंब येतो, ज्याच्या आठही अंगांच्या मागे सम्यक लागतो. समान, समता आणि सम्यक एकमेकांना लागून उभे आहेत, तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. माणसाची किंमत समान, समाजात आणायची ती समता, आणि मी स्वतः ज्या रीतीने पाहायचे, बोलायचे, पोट भरायचे ती रीत सम्यक.

इथेच या शब्दाचे मर्म आहे असे मला वाटते. आठही अंगे पाहा: दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त म्हणजे कृती, आजीविका, व्यायाम म्हणजे प्रयत्न, स्मृती, समाधी. सगळ्या करण्याच्या गोष्टी आहेत, मोजून वाटायच्या नाहीत. संस्कृतातही सम्यक् बहुधा क्रियाविशेषण म्हणूनच येतो: सम्यक् उक्तम्, नीट बोललास. सम शब्द राशीला लागतो, सम्यक क्रियेला.

पैशाच्या बाबतीत पालीत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘सम्माआजीव’ म्हणजे कमाईची वाट नीट असणे. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत याची यादी अंगुत्तरनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. त्यातल्या दुसऱ्याला ‘सत्तवणिज्जा’ म्हणतात. सत्त म्हणजे जीव, आणि जुन्या अट्ठकथेने, म्हणजे पाली टीकेने, त्याचा अर्थ माणसांची विक्री असा केला आहे. दुसरा शब्द ‘समजीविता’. इथे खरोखर ‘सम’ आहे! मिळकत आणि खर्च यांचा मेळ राखून जगणे, असा त्याचा अर्थ. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले, किती उचलले गेले हे कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे कळावे, असा दृष्टान्त त्याला दिला आहे. हा शब्द ज्या सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, येतो त्यातच मिळकत थोडी आणि थाट मोठा असणाऱ्याला ‘उंबरे खाणारा’ म्हटले आहे. झाड हलवून ढीगभर उंबरे पाडायची आणि त्यातली थोडीच खायची, असा अट्ठकथेचा खुलासा. म्हणजे मापाची गोष्ट आली तेव्हा सम वापरला, रीतीची आली तेव्हा सम्मा. ज्या भाषेने हा फरक इतक्या काळजीने सांभाळला, तिच्यातून आलेला शब्द आपण सैलपणे वापरू नये.

आता पत्रकातल्या वाक्याकडे येतो. माझ्या शेजारचा एक मुलगा दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवतो. काम मोबाईल देतो, पैसेही मोबाईलच ठरवतो. अंतर इतके तर पैसे इतके, सगळ्यांना तोच हिशेब. वर वर पाहता याहून ‘समान’ काय असणार? पण एकाची ऑर्डर तळमजल्यावर असते, दुसऱ्याची लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. एकजण ऊन उतरल्यावर निघालेला असतो, दुसरा जुलैच्या पावसात. दर समान आहे, वागणूक सम्यक नाही. मालकाने राबणाऱ्यांशी कसे वागावे हे सिगालोवाद सुत्तात पाच गोष्टींत सांगितले आहे: ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणे काम, जेवण आणि वेतन, आजारात शुश्रूषा, घरात काही खास रांधले तर त्यातला वाटा, आणि वेळच्या वेळी सुटी. त्या सुत्तातला शब्द ‘दासकम्मकर’ आहे, म्हणजे त्या काळी दासही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘यथाबलं’, ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणे, हा एक शब्द आजच्या कामाच्या हिशेबात घातला गेला तर किती फरक पडेल! मी यंत्राच्या विरुद्ध नाही. त्याच मोबाईलमुळे या मुलाला आपली कमाई रोजच्या रोज कळते, कोणी मुकादम मध्ये खात नाही, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशेब बसवणारा माणूसच आहे, आणि सम्यक हा शब्द त्या माणसाला लागू होतो, यंत्राला नाही.

म्हणून ‘संपत्तीचे सम्यक वाटप’ हा प्रयोग मी चूक म्हणणार नाही. वाटणे ही क्रिया आहे, तिला सम्यक लागू शकतो. अर्थ होईल ‘नीट, न्यायाने केलेले वाटप’. मात्र ‘प्रत्येकाला सारखे’ असे म्हणायचे असेल तर समान हाच शब्द हवा. आणि गरज, परिस्थिती पाहून न्याय्य वाटा असे म्हणायचे असेल, तर मराठीने त्यासाठी स्वतः एक चांगला शब्द घडवला आहे: समन्यायी. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द दुष्काळी तालुक्यांतल्या चळवळींनी आणि जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या वादाने घराघरांत नेला. माणशी सारखे पाणी एवढाच त्याचा अर्थ नाही. धरणाच्या वरचा आणि खालचा, जमीन असलेला आणि नसलेला, सगळ्यांचा विचार त्यात येतो. पत्रक लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच असावे. मला विचारले असते तर मी समन्यायीच सुचवला असता.

एक जुना शब्दही पुन्हा वापरात यावा असे मनापासून वाटते: संविभाग. सम् आणि विभाग. मघाच्या सिगालोवाद सुत्तात ‘खास पदार्थातला वाटा’ सांगताना हाच शब्द आहे, आणि चांगल्या गृहस्थाला पाली ग्रंथ ‘दानसंविभागरत’ म्हणतात. दानात देणारा वर आणि घेणारा खाली अशी पायरी पडते. संविभागात आपल्या ताटातले दुसऱ्याबरोबर वाटून खाणे आहे. माझी आजी घरी पुरण शिजले की आधी शेजारच्या घरात वाटी पाठवायची. ती वाटी दान म्हणून जायची नाही. त्या घरातूनही कधी ना कधी वाटी यायचीच.

धर्माच्या बोलण्यातही हाच गोंधळ होतो. ‘तुम्ही बौद्ध, म्हणजे सम्यक दृष्टीवाले, म्हणजे सगळे धर्म सारखेच मानत असाल,’ असे मला कार्यालयात प्रेमाने विचारले जाते. माणसांबद्दल मी समभाव ठेवतो. कोणाच्या सणाला गेलो तर आनंदाने जातो आणि गोडधोड खातो. पण सम्यक दृष्टी म्हणजे सगळ्या मतांना सारखेच गुण देणे नव्हे. कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने सांगितले ते असे: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका, कुशल म्हणजे हिताचे काय, अकुशल म्हणजे अहिताचे काय हे स्वतः जाणा आणि मग धरा किंवा सोडा. ही पारख आहे, आणि ती मी आधी माझ्या घरातल्या समजुतींना लावायला हवी. घर बदलताना आम्हीही मुहूर्त विचारायला निघालो होतो. आईने विचारले, ‘बाबासाहेबांनी हे सांगितलं होतं का?’ आम्ही पुढच्या रविवारी सामान हलवले, सगळ्यांना सुटी होती म्हणून.

वाचेचेही तसेच. सम्यक वाचा याचा अर्थ हल्ली ‘दोन्ही बाजू सारख्या मांडणे’ असा करतात. पालीत सम्मावाचा म्हणजे चार गोष्टी टाळणे: खोटे, चहाडी, कठोर बोल आणि निरर्थक बडबड. एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असेल तर दोघांना सारखी जागा देणे समान होईल, सम्यक होणार नाही. चहाडीला पालीत ‘पिसुणावाचा’ म्हणतात. इथले ऐकून तिथे सांगायचे ते इकडच्यांत आणि तिकडच्यांत फूट पडावी म्हणून, अशी तिची फोड सुत्तांतच आहे. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे धाडण्याआधी मी ती फोड आठवतो. अंगठा काही वेळा तरी थांबतो.

राहता राहिले लेखन. संस्कृतात शेवटच्या क चा पाय मोडतात, सम्यक्. मराठीत आपण विद्वान, जगत यांचा मोडत नाही तसा याचाही मोडू नये, सम्यक पुरेसे आहे. संस्कृत संधी करून जोडशब्द लिहायचा असेल तर पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले की क् चा ग् होतो: सम्यग्दृष्टी, सम्यग्ज्ञान. सुटे लिहायचे असेल तर सम्यक दृष्टी. ‘सम्यकदृष्टी’ असे जोडून लिहिलेले पुष्कळ दिसते, ते मला खटकते. एकतर संधी करावी नाहीतर मध्ये जागा सोडावी. आणि ‘साम्यक’ असा शब्द नाही. तो पत्रिकांवर छापलेला आढळतो, बहुधा साम्य या शब्दाच्या ओढीने आलेला.