पहिली फ्रेंच सुरी घेताय? एवढं सांभाळा

आधी सेटचा मोह सोडा. २० सेंमी पात्याची एक शेफ नाइफ (सगळ्या कामांची मोठी सुरी) आणि ओपिनेल या फ्रेंच कंपनीची छोटी सुरी, सुरुवातीला पुरे.

'साबातिए' नाव दिसलं म्हणून लगेच घेऊ नका. ती एक कंपनी नाही. फ्रान्समधल्या तिएर गावचे अनेक कारागीर-कारखाने ते नाव वापरतात. कारखाना कोणता ते कळायला सोबतचं चिन्ह बघा, उदा. 'के' (K) अक्षर किंवा चार तारे आणि हत्ती.

कार्बन स्टील (स्टेनलेस नसलेलं, गंजू शकणारं पोलाद) जरूर घ्या, त्याला धार सुरेख चढते! मात्र:
- लिंबू-टोमॅटो चिरल्यावर लगेच धुऊन कोरडी पुसा.
- पातं करडं-निळसर होईल. तो गंज नव्हे, घासू नका.
- डिशवॉशर आणि ग्रॅनाइटचा ओटा वर्ज्य; लाकडी पाटावरच चिरा.

धारेचे दगड, कोन वगैरे नंतर. आधी महिनाभर रोज कांदा चिरा.