गॉगल किती जणांना घालणार?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या बावीस मुलांना गावाबाहेरच्या सड्यावर नेऊन आकाश दाखवायचा बेत आहे. बोटाने तारा दाखवला की प्रत्येक मूल वेगळाच तारा बघतं, म्हणून हातात धरायचा लेझर घ्यावा म्हणते. माझ्या दिराने ऑनलाइन एक निळा पाहून ठेवलाय, १६०० मिलिवॅटचा. काडी पेटवतो म्हणे, आणि सोबत हिरव्या काचांचा गॉगल फुकट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हिरवा पेन तीनशे रुपयांना आहे, त्यावर ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असं लिहिलंय. कोणता घेऊ? आणि गॉगल कुठला?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, आधी गॉगलचंच बोलू. गॉगल लागणार असेल तर तो तुम्ही एकटीने घालून भागायचं नाही. मुलं बावीस, तुम्ही एक, म्हणजे तेवीस गॉगल. आणि निळा अडवणाऱ्या गॉगलमधून निळा किरणच दिसत नाही, तारे तर त्याहून नाहीत. आकाशदर्शनाऐवजी सड्यावर आंधळी कोशिंबीर होईल. तेव्हा दाखवण्यासाठी घ्यायचा पहिला लेझर हा गॉगल लागणारच नाही इतका कमी ताकदीचा असावा. माझं मत विचाराल तर एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

तो तपशील असा. धोका किती यावरून लेझरचे वर्ग पाडलेले असतात. १ मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा लेझर वर्ग २ मध्ये येतो. तो चुकून डोळ्यात गेला तरी पाव सेकंदात पापणी मिटते आणि निभावतं. ५ पर्यंतचा ३आर, तो जपून वापरायचा. ५ ते ५०० हा ३बी, आणि त्यापुढे वर्ग ४. दिराचा निळा हा वर्ग ४ चा. त्याचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून बघणंसुद्धा धोक्याचं. तो मुलांच्या घोळक्यात न्यायचा नाही, विषय संपला.

तुम्हाला ५ मिलिवॅटच्या आतला हिरवा पुरेल. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात तीव्र दिसतो. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा हा तेवढ्याच ताकदीच्या ६५० च्या लालपेक्षा आठेक पट उजळ वाटतो. आपल्या दमट हवेत रेघही छान उमटते. मुलांना समोर पांगवू नका, तुमच्या पाठीशी दाटीने उभं करा. किरणाला लागून बघणाऱ्याला रेघ ठळक दिसते, लांब उभ्या असलेल्याला दिसतच नाही.

आता बाजारातला पेन. मी चाळीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली, आणि तरीही एका जत्रेच्या फेरीत नातवाचा हट्ट म्हणून असाच एक पेन घेतला. त्यावरही ‘५ पेक्षा कमी’ छापलेलं. दुसऱ्या दिवशी सहज लॅबमधल्या पॉवर मीटरसमोर धरला, तर काटा ३१ मिलिवॅटवर. मध्ये अवरक्त किरण अडवणारी काच धरली, तर १२ उरले. म्हणजे हिरवाच दुपटीहून जास्त, आणि वर १९ मिलिवॅट असे, जे कोणाला दिसतच नव्हते.

कारण या पेनात हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण सोडतो, एक स्फटिक त्यांचे १०६४ चे करतो, दुसरा स्फटिक त्यांची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा काढतो. उरलेलं अवरक्त अडवायला पुढे नखाएवढी गाळणी लागते. स्वस्त पेनात पैसे वाचवायला नेमकी तीच गाळतात. अवरक्त दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, पण डोळ्याच्या पडद्यावर ते तितकंच एकवटतं. शिवाय थंडीत असला पेन मंद पडतो. तो मंद दिसला म्हणजे निरुपद्रवी झाला असं समजू नका, अवरक्त तसंच येत असतं. नातवाला मी शेवटी भिंगरी घेऊन दिली. तो अजून ऐकवतो.

म्हणून ५२० नॅनोमीटरचा मागा. त्यात डायोडच हिरवा असतो, स्फटिकांची भानगड नाही. शाळांना प्रयोगाचं सामान किंवा दुर्बिणी पुरवणाऱ्याकडून घ्या आणि वर्ग, तरंगलांबी, ताकद बिलावर लिहून घ्या. कुरकुर केली तर दुसरं दुकान. घेतल्यावर जवळच्या कॉलेजात नेऊन मोजून आणा, पाच मिनिटांचं काम आहे. बटण सोडलं की विझणारा हवा, चालू राहणारा नको. आणि मुलांच्या हातात द्यायचा नाही, कितीही मागे लागली तरी.

विमानांचं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. दाबोळीचा विमानतळ आहेच, आता मोपाचाही आहे. उतरणाऱ्या विमानाचा दिवा लांबून स्थिर ताऱ्यासारखा वाटतो आणि एखादं पोर ‘बाई, तो कुठला तारा?’ म्हणून विचारतंच. वर ठिपका इवलासा राहत असेल असं आपल्याला वाटतं, पण चांगला किरणही दर किलोमीटरला साधारण मीटरभर पसरतो. दहा किलोमीटरवर तो दहा मीटरचा झोत होतो आणि वैमानिकाच्या समोरच्या काचेवर सगळा पसरतो. हा गुन्हा आहे, शाळेची सहल म्हणून कोणी सोडणार नाही. हलणारं काही दिसलं की बटणावरून बोट काढायचं.

दीर काही ऐकणार नाहीत, तो निळा घेतीलच, तेव्हा त्यांच्यापुरतं सांगतो. गॉगलवर दोन गोष्टी छापलेल्या हव्यात : कुठली तरंगलांबी अडवतो आणि किती, म्हणजे ओडी. ओडी १ म्हणजे दहावा भाग आत येतो, २ म्हणजे शंभरावा, असं प्रत्येक आकड्याला दहापट. १६०० मिलिवॅटचा १ च्या खाली आणायचा तर ओडी ३ ला १.६ उरतात, ते चालत नाही. ओडी ४ ला ०.१६ राहतो. म्हणजे निळ्याच्या ४५० नॅनोमीटरला ओडी ४ किंवा वर, बाजूंनीही डोळा झाकणारा. ईएन २०७ या लेझर-गॉगलच्या युरोपीय मानकाचा शिक्का असेल तर उत्तम, कारण त्यात काच किरण किती अडवते एवढंच नाही, तर थेट मार बसल्यावर टिकते का हेही तपासलेलं असतं. फुकटचा हिरवा गॉगल घालून फोनवर गडद निळं चित्र बघायला सांगा. निळं निळंच दिसलं तर तो गॉगल कचऱ्यात. काळं दिसलं म्हणून पास झाला असं मात्र नाही, ती फक्त नापास करायची परीक्षा आहे. उन्हाचा गॉगल तर नकोच. तो प्रकाश थोडाच कमी करतो आणि अंधारामुळे बाहुली मोठी होते, म्हणजे दार जास्त उघडं. आणि चांगला गॉगल घातला म्हणून लेझरच्या तोंडात बघायचं नसतं.

प्रश्न : जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा लेझर अगदी मंद दिसतो. तो सुरक्षित समजायचा का?
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : नाही रे. मंद आहे तो तुझ्या डोळ्याला. तेवढ्याच ताकदीचा हिरवा त्याच्या शेकडो पट उजळ दिसतो, पण डोळ्यात शिरणारी ऊर्जा दोघांची सारखीच. चकचकीत वस्तूवरून परत आला तर कळायचंही नाही. पांढऱ्या कागदावर तो अचानक निळसर उजळतो, ती कागदातल्या चकाकी देणाऱ्या रसायनाची करामत. ५ मिलिवॅटच्या आतला असेल तर एक गंमत कर. घरात कोणाची परवानगी घेऊन अर्धा पेला फेणी घे, तिच्यात चिमूटभर हळद ढवळ, गाळ बसू दे आणि बाजूने किरण सोड. फेणीतून पिवळट हिरवी रेघ जाते. साध्या पाण्यात हळद फारशी विरघळत नाही, तिथे ही मजा येत नाही. पेल्याच्या काचेवरून किरण तिरपा परत येतो, म्हणून डोळे पेल्याच्या वर ठेव, समोर नको.

प्रश्न : नरकासुराच्या रात्री डीजेच्या लेझरखाली व्हिडिओ काढला. तेव्हापासून मोबाइलच्या प्रत्येक फोटोत एक गुलाबी रेघ येते. दुरुस्त होईल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : रेघ पुसली जाणार नाही, कॅमेऱ्याचा सेन्सर भाजलाय. पूर्ण कॅमेराच बदलावा लागेल. पण मला काळजी वेगळी आहे. किरण फोनच्या उंचीवरून गेला म्हणजे तुमच्या चेहऱ्याच्याही उंचीवरून गेला. एकेक डोळा झाकून छापील ओळीकडे बघा. एखादं अक्षर गायब दिसलं, ओळ वाकडी वाटली किंवा मध्ये धूसर डाग राहिला, तर फोन राहू दे बाजूला, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि पडदा तपासायला सांगा.