चिनी तरुणांच्या आयुष्यातला ‘अर्थ’ प्रश्नावलीने मोजता येतो का?

येतो, पण एका आकड्यात नाही.

सर्वाधिक वापरली जाते ती मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांची २००६ची प्रश्नावली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. पाच विधानं ‘माझ्या आयुष्याला अर्थ आहे’ हे तपासतात, पाच ‘मी अर्थ शोधतोय’ हे. दोन्हींची बेरीज वेगळीच ठेवायची, प्रत्येकी ५ ते ३५. एक विधान उलटं आहे (‘आयुष्याला स्पष्ट उद्दिष्ट नाही’), त्याचे गुण उलटवायला विसरलात तर निकालच बिघडतो. आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला जोडीला मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची पाच विधानांची मोजपट्टी देतात.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत अर्थ शोधणाऱ्याला बहुधा तो कमी सापडलेला असतो. चिनी विद्यार्थ्यांत मात्र अनेकदा दोन्ही गुण एकत्र वाढलेले दिसतात. म्हणजे तिथे शोध हे पोकळीचंच लक्षण मानू नका; स्वतःला घडवत राहणं ही तिथली जुनी, आदराची गोष्ट आहे. मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ‘शोध जास्त’ दिसताच समुपदेशक घाबरले तर धडपडणाऱ्या मुलावर उगाच आजाराचा शिक्का बसेल.

पोकळीही खरी आहे. पेकिंग विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ शू काइवेन यांनी २०१६मध्ये ‘पोकळ हृदयाचा आजार’ हा शब्द चर्चेत आणला, तो परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही ‘कशासाठी जगतोय?’ विचारणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलच. शोधाचा अर्थ देशागणिक बदलू शकतो, म्हणून दोन देशांच्या सरासरींची थेट तुलना टाळा. आधी विधानांचा अर्थ दोन्हीकडे सारखाच लागतो का, हे तपासावं लागतं.