द्राक्षं फुगवायला हार्मोनचं इंजेक्शन देतात का?

तुम्ही विचारलंय की बाजारातली टपोरी, लांबट द्राक्षं इंजेक्शन देऊन फुगवलेली असतात हे खरं का, आणि ती लहान मुलांना द्यावीत का. माझी निफाड तालुक्यात थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची बाग आहे, म्हणून लिहितो.

इंजेक्शनचा हिशेब आधी करू. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी 968 वेली बसतात. वेलीला तीसेक घड, घडाला शंभरेक मणी धरले तरी एकरात तीस लाखांच्या आसपास मणी झाले. एवढ्या सुया टोचणारा मजूर कुठे मिळत असेल तर पत्ता मलाही द्या, विरळणीला माणसं मिळत नाहीत.

हार्मोनचं मात्र खरं आहे. त्याचं नाव जिबरेलिक अ‍ॅसिड, आम्ही नुसतं 'जीए' म्हणतो. पांढरी पावडर येते, पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची. एक ग्रॅम पंचवीस लिटरला टाकलं की 40 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 40 भाग. मणी ज्वारी-बाजरीएवढे झाले की बायका मगमध्ये द्रावण घेऊन एकेक घड बुडवत जातात. त्याला डिपिंग म्हणतात.

पण लागतं कशाला? द्राक्षाच्या मण्यात हे हार्मोन मुख्यतः बियांमध्ये तयार होतं. थॉमसनमध्ये फलन होतं, पण बी कोवळं असतानाच मरतं. खाताना जिभेला कधी मऊ कण लागतो ना, तो त्याचाच अवशेष. बी नाही म्हणजे मण्याला मिळणारं जीए कमी, म्हणून मणी बारीक राहतो. बिनबियांचं द्राक्ष आपल्याला हवं आणि ते मोठंही हवं, तर बियांनी दिलं असतं ते बाहेरून द्यावं लागतं.

याचा शोध द्राक्षात नाही, भातात लागला. जपानमध्ये भाताची काही रोपं उगाच उंच, फिकट वाढायची आणि कोलमडायची. शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवलं की हा रोग करणारी बुरशी ज्या द्रवात वाढवली तो गाळून, बुरशीशिवाय दिला तरी रोपं तशीच उंच होतात. तेइजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं आणि 1938 मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. झाडं स्वतःही हेच बनवतात, हे नंतर कळलं. आजही जीए त्याच बुरशीला टाकीत आंबवून काढतात.

गंमत अशी की ज्या जीएसाठी आम्ही हिवाळ्यात पैसे मोजतो, तेच उन्हाळ्यात आम्हाला नको असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे फळं निघाल्यावर जुन्या काड्या आखूड छाटतो. नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर तेव्हाच ठरतो, आणि त्या वेळी वेलीत जिबरेलिन वाढलं तर त्या अंकुराची बाळी, म्हणजे वेलीला आधार धरायचा नुसता तंतू होतो, घड होत नाही. म्हणून वेलीतलं जीए तयार होणंच रोखणारं क्लोरमेक्वाट, म्हणजे आमचं सीसीसी, आम्ही फवारायचो. युरोपात गहू लोळू नये, काड आखूड राहावं म्हणून तेच वापरतात. 2010 च्या हंगामात तिकडे गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचा अंश सापडला. द्राक्षासाठी त्यांची मर्यादा तेव्हा 0.05 पीपीएम होती, गव्हासाठी मात्र कितीतरी पट जास्त. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नाव नव्हतंच. कंटेनर अडकले, भाव पडले, कैक बागायतदार कर्जात गेले. उन्हाळ्यात मारलेलं औषध काडीत टिकतं आणि फळात उतरतं, हा धडा आम्हाला फार महाग पडला.

अशी द्रव्यं थोडी चुकली तरी काय करतात ते माझ्याच बागेत पाहिलंय. उसात टू-फोर-डी मारलेला पंप मी नुसता विसळून बागेत वापरला. टू-फोर-डी हे ऑक्सिन नावाच्या दुसऱ्या हार्मोनची नक्कल आहे. रुंद पानांचं तण त्याने वेडंवाकडं वाढून मरतं, ऊस तगतो. पण द्राक्षही रुंद पानाचंच. आठवड्याभरात दोन ओळींची पानं पंख्यासारखी, शिरा एकवटलेली. चूक माझी. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल रंग दिलाय.

आता मुलांचं. जीएची मला स्वतःला काळजी वाटत नाही. प्रमाण अगदी थोडं असतं, ते काढणीच्या कितीतरी आधी दिलं जातं आणि द्रव्य झाडाच्या ओळखीचं आहे. मी लक्ष देईन ते डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांच्या आणि किडीच्या औषधांकडे. शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेलं अंतर ठेवलं का, हा खरा प्रश्न. निर्यातीच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, गावातल्या हातगाडीवरच्या मालाचा बहुधा जात नाही. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मण्यावरचा एकसारखा पांढुरका थर हे द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे, त्याला घाबरू नका. ठिपके, ओघळ दिसले तर ते फवारणीचे असू शकतात. आणि धुतल्याने वरचंच जातं, आत शोषलेलं जात नाही.

हार्मोन न दिलेलं द्राक्ष कसं दिसतं हे पाहायचं असेल तर हंगामात या. बांधाजवळची एक वेल मी बुडवत नाही. मणी करवंदाएवढे, घड गच्च आणि आखूड. व्यापारी त्याकडे बघतही नाही. माझी नातवंडं मात्र फेब्रुवारीत तिथेच असतात.