वाचकांचे प्रश्न : दाहजन्य कंबरदुखी आणि मालीश

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. सहा-सात वर्षांपासून कंबर दुखते. पहाटे दुखण्याने जाग येते आणि उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी ताठ असते. हालचाल सुरू झाली की ती हळूहळू मोकळी होते. बरीच वर्षे हे दुखणे स्नायूंचेच समजले गेले. गेल्या वर्षी एमआरआय केल्यावर अंकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे (कण्याच्या दाहजन्य संधिवाताचे) निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. मी पंधरा दिवसांतून एकदा मालीश करून घेतो. तो दिवस आणि पुढचा दिवस चांगला जातो, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मालिशीने दाह कमी होतो असे मला सांगण्यात आले आहे. मालीश आठवड्यातून दोनदा केली, तर गोळ्या कमी करता येतील का?

उत्तर : नाही, मालिशीच्या भरवशावर गोळ्या कमी करू नका. पण तुम्हाला मिळणारा आराम खरा आहे, आणि तो दोनच दिवस का टिकतो हे समजले, तर त्या दोन दिवसांचा आजच्यापेक्षा चांगला उपयोग करता येईल.

या आजारात दुखणे दोन थरांत असते. आतला थर दाहाचा. शरीराची रोगप्रतिकारशक्ती, बाहेरचा कोणी शत्रू नसताना, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे हाड) आणि कटीचे हाड जिथे जुळतात त्या सांध्यावर, तसेच स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागांवर दाह निर्माण करते. एमआरआयमध्ये दिसणारी सूज हाडाच्या आतल्या मज्जेत असते. तिच्यावर अस्थिबंधांचे आणि स्नायूंचे जाड आवरण असते, त्यामुळे कितीही कसलेल्या हाताचा अंगठा तिथवर पोहोचत नाही, आणि पोहोचला असता तरी प्रतिकारशक्तीची ती चूक दाबाने सुधारली नसती. बाहेरचा थर स्नायूंचा. आत दुखते म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि नितंबांचे स्नायू सांध्याची हालचाल रोखण्यासाठी आखडून राहतात, रात्रीसुद्धा पुरते सैल पडत नाहीत, आणि काही काळाने तेच दुखू लागतात. मालीश या बाहेरच्या थरावर काम करते. स्नायू सैल पडतात, मज्जासंस्थेचा ताण उतरतो, झोप बरी लागते. मात्र आतला दाह चालूच असल्यामुळे स्नायू एक-दोन दिवसांत पुन्हा आखडतात.

‘मालिशीने दाह कमी होतो’ हे वाक्य अगदीच हवेतून आलेले नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावून त्यांच्या एकाच पायाला मालीश केली गेली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले गेले. मालीश केलेल्या पायात दाहाचे काही रासायनिक संकेत कमी आढळले. प्रयोग चांगला होता, पण तो व्यायामाने थकलेल्या मांडीविषयी होता. प्रतिकारशक्ती बिघडल्यामुळे सांध्यात वर्षानुवर्षे चालणारा दाह ही वेगळी गोष्ट आहे, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावणे म्हणजे चुलीतला विस्तव पाणी शिंपडून विझला म्हणून वणवाही तसाच विझेल असे मानण्यासारखे आहे.

ठरावीक कारण न सापडलेल्या जुनाट कंबरदुखीत मालिशीचा अभ्यास बराच झाला आहे. २०११ साली ४०१ रुग्णांवरील एका चाचणीत आठवड्यातून एकदा, अशी दहा आठवडे मालीश केलेल्यांची हालचाल नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारली. त्यातही खोलवर, नेमके स्नायू धरून केलेली मालीश आणि साधी, अंग सैलावणारी मालीश यांत विशेष फरक पडला नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते. २०१५ साली कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षेत २५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा फायदा अल्पकाळाचा आणि पुरावा कच्चा ठरला. तुमच्या आजारात तर मालिशीच्या चाचण्या मोजक्या आणि फार लहान आहेत. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मालीश, शेक यांसारख्या, रुग्णाने नुसते पडून घ्यायच्या उपचारांपेक्षा देखरेखीखालच्या व्यायामाला पसंती दिली आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, मालीश वाढवण्याऐवजी तिची वेळ बदला. व्यायाम जेव्हा नकोसा होतो, तेव्हाच्या आदल्या दिवशी ती घ्या, आणि स्नायू सैल असलेल्या त्या एक-दोन दिवसांत पाठ मागे ताणण्याचे, मांडीच्या पुढच्या भागाचे, छाती फुलवून खोल श्वास घेण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन नेटाने करा. सकाळची ताठरता किती मिनिटे टिकते हे रोज एका वहीत लिहा. गोळ्या नियमित घेऊनही हा आकडा काही आठवडे तासाभरावरच राहिला, तर औषध अपुरे पडते आहे असा त्याचा अर्थ होऊ शकतो. ही वही संधिवाततज्ज्ञांना दाखवा, कारण दाहशामक गोळ्या पुऱ्या पडत नसतील तर जैविक इंजेक्शनांचा (दाह घडवणारे ठरावीक संकेत रोखणाऱ्या औषधांचा) पर्याय असतो. मालिशीचा खरा तोटा मला इथेच दिसतो. दोन दिवसांच्या आरामामुळे रुग्ण ‘चालले आहे’ असे म्हणत राहतो आणि औषध बदलण्याचा निर्णय वर्षभर लांबतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ आहे. तिला हाच आजार पंचवीस वर्षांपासून असून एक्स-रेमध्ये मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा झाल्याचे दिसते. ती पुढे वाकली आहे. ओळखीचे एक मालीश करणारे ‘पाठीतून कटकन आवाज काढून’ कणा सरळ करून देतो म्हणतात. करून घ्यावे का?

उत्तर : अजिबात नाही. जुळलेला कणा हा अनेक मणक्यांचा लवचीक खांब उरलेला नसतो. तो एका लांब हाडासारखा वागतो, आणि या आजारात ते हाड बहुधा ठिसूळही झालेले असते. झटका दिल्यास तो सरळ होणार नाही, मोडेल, आणि मानेच्या भागात मोडला तर मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडू शकतात. वर उल्लेखलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असा कणा असलेल्यांनी झटक्याचे उपचार करून घेऊ नयेत, असे अगदी ठामपणे म्हटले आहे. आईंच्या पाठीवर कोणी उभे राहणे, कोपराने रेटणे, मान पिळणे हेही त्यातच येते.

हलकी मालीश मात्र डॉक्टरांना विचारून त्यांना देता येईल. पालथे झोपवू नका. वाकलेल्या कण्याला पालथे झोपणे म्हणजे स्वतःच एक ताण असतो. कुशीवर झोपवून डोक्याखाली आणि गुडघ्यांमध्ये उशा द्या, किंवा खुर्चीवर बसवून समोर टेबलावर उशा रचून त्यांवर टेकू द्या. तळहाताने खांदे, नितंब आणि कण्याच्या बाजूचे स्नायू सावकाश चोळावेत, प्रत्यक्ष मणक्यांवर दाब देऊ नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. किरकोळ पडल्यानंतर किंवा मालिशीनंतर पाठीत किंवा मानेत एकाएकी नव्या प्रकारचे दुखणे सुरू झाले, तर ते नेहमीचेच समजू नका. असे अस्थिभंग साध्या एक्स-रेत निसटू शकतात, म्हणून सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा आग्रह धरा.

प्रश्न : मालिशीनंतर मला दोन-तीन दिवस जास्तच दुखते. ‘आधी दुखेल, मगच बरे वाटेल’ असे मला सांगितले जाते. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. दिवसभर अंग थोडे ठणकणे समजण्यासारखे आहे, पण त्यापलीकडे दुखले तर दाब जास्त झाला किंवा चुकीच्या जागी पडला. दाहजन्य आजारात कंबरेच्या हाडाची वरची कड, खुब्याची बाहेरची बाजू, टाचेचा मागचा भाग आणि बरगड्या छातीच्या हाडाला मिळतात त्या जागा मुळातच सुजलेल्या असू शकतात. तिथे रगडणे म्हणजे दुखऱ्या जागी मुद्दाम बोट घालणे. दाब असा हवा की, श्वास न रोखता तुम्हाला सहज बोलता यावे. तो सोसावा म्हणून आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. कुठे थांबायचे हे सांगणारी जाणीवच त्यामुळे बोथट होते. दुखणे उसळलेले असेल, ताप असेल किंवा त्वचेवर जखम असेल, तर त्या दिवशी मालीश टाळा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास जोराची मालीश कधीच नको.

प्रश्न : कोणते तेल चांगले?

उत्तर : जे तुमच्या त्वचेला सोसते ते. तेलाचे काम हात सरकवण्याचे आहे. ते झिरपून सांध्यापर्यंत जात नाही. विंटरग्रीन (उग्र वासाचे एक वनस्पती-तेल) असलेली मलमे लावून वर गरम पिशवी ठेवू नका, त्वचा भाजते. आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी ती टाळावीत, कारण त्यांतील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून रक्तात जाऊन त्या औषधाचा परिणाम वाढवू शकते.

प्रश्न : माझा २६ वर्षांचा भाऊ वर्षभर कंबरदुखीसाठी नुसती मालीश करून घेतो आहे. त्याचे दुखणे दाहजन्य आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : तज्ज्ञांनी २००९ साली पाच खुणा सांगितल्या : चाळिशीच्या आत सुरुवात, दुखणे हळूहळू वाढत जाणे, व्यायामाने बरे वाटणे, विश्रांतीने बरे न वाटणे, आणि रात्री दुखून उठल्यावर आराम पडणे. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात यांतील चार खुणा असल्या, तर त्याला संधिवाततज्ज्ञांकडे न्या. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण त्यात बदल दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात. उलट एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी होकारार्थी आली म्हणून घाबरूही नका, तो जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. या तपासण्या होईपर्यंत हलकी मालीश चालू ठेवायला हरकत नाही. मात्र या आजारात डोळ्यातही दाह होऊ शकतो, म्हणून त्याचा एखादा डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि कंबरदुखीची हकिगतही त्यांना सांगा.